वेशीआतलं वैभव

व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथल्या प्रजासत्ताकाचा तहहयात प्रमुख, वारला की नव्या निवडीच्या दिवशी एक सभासद सान मार्कोच्या चर्चमध्ये प्रार्थना करून बाहेर येई. चौकात जो पहिला लहान मुलगा दिसेल त्याचा हात धरून तो त्याला प्रासादात नेई. आत महामंडळ, म्हणजे उमराव घराण्यांतल्या पुरुषांची सभा, जमलेली असे. मुलाने भांड्यातून गोळ्या काढायच्या आणि एकेकाच्या हातावर ठेवायच्या. खुणेची गोळी मिळाली तो राहिला, बाकीचे घरी. असे ३० जण उरत. तिसांतून पुन्हा गोळ्यांनी ९. हे ९ जण ४० नावं निवडत. चाळिसांतून गोळ्यांनी १२, ते १२ जण २५ निवडत, त्यातून गोळ्यांनी ९, ते ९ जण ४५ निवडत, त्यातून गोळ्यांनी ११, आणि हे ११ जण अखेरचे ४१ निवडत. या ४१ जणांना कोंडून घातलं जाई आणि त्यांच्यातल्या किमान २५ जणांनी ज्याला मत दिलं तो डोज. १२६८ साली घालून दिलेली ही रीत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली.

वाचताना हसू येतं, पण हिशेब अगदी पक्का आहे. दर निवडीवर नशिबाची मेख मारलेली, दर नशिबावर निवडीची. लाच द्यायची तर कुणाला, हेच कळू नये. निवडून आलेल्या डोजलाही फार मोकळीक नव्हती. परक्या दरबाराचं पत्र सल्लागारांच्या गैरहजेरीत फोडायचीही त्याला मुभा नसे. १३५५ मध्ये मारिनो फालिएर नावाच्या डोजने उमरावांचा काटा काढून स्वतः सर्वसत्ताधीश व्हायचा कट केला. कट फुटला आणि त्याच्याच प्रासादाच्या जिन्यात त्याचं मुंडकं उडवलं गेलं. महामंडळाच्या दालनात भिंतीच्या वरच्या अंगाला डोजांच्या तसबिरींची ओळ आहे. फालिएरच्या जागी चेहरा नाही, रंगवलेलं काळं कापड आहे आणि त्यावर त्याच्या शिक्षेची नोंद.

इटलीतल्या या नगरराज्यांची गोष्ट बहुतेक वेळा चित्रकार-शिल्पकारांच्या अंगाने सांगितली जाते. ती खोटी नाही. पण त्या रंगांच्या झगमगाटात एक गोष्ट झाकली जाते. एका वेशीच्या आत राहणाऱ्या माणसांनी एकमेकांवर वचक कसा ठेवावा, यावर या शहरांनी जेवढं डोकं चालवलं तेवढं त्या काळच्या युरोपात क्वचितच कुणी चालवलं असेल. वेशीबाहेरच्या माणसाला आपल्यात कसं घ्यावं, यावर मात्र त्यांनी फारसा विचार केला नाही. त्यांची भरभराट आणि त्यांची पडझड, दोन्ही इथूनच समजून घ्यावी लागतात.

सुरुवात होते ती अकराव्या-बाराव्या शतकात. उत्तर इटली कागदोपत्री जर्मन सम्राटाच्या ताब्यात होती, पण सम्राट आल्प्सपलीकडे. रोममध्ये पोप. या दोघांचं आपसांत पटत नसे, आणि दोन मालकांच्या भांडणात मधल्यांनी आपलं साधून घेतलं. व्यापारी, छोटे जमीनदार, वकील, कारागिरांचे पुढारी यांनी शपथा घेऊन आपापल्या शहराची मंडळं उभारली, कर गोळा करायला आणि तट बांधायला सुरुवात केली. फ्रेडरिक बार्बारोसा या सम्राटाने ११६२ मध्ये, म्हणजे चळवळ ऐन भरात असताना, मिलान जमीनदोस्त केलं. पाच वर्षांत लोंबार्दीतल्या शहरांनी एकजूट केली, मिलान पुन्हा उभं राहिलं, आणि ११७६ मध्ये लेन्यानोच्या लढाईत शहरांच्या पायदळाने सम्राटाच्या घोडेस्वारांना पाणी पाजलं. ११८३ च्या कॉन्स्टन्सच्या तहात सम्राटाने त्यांचे अधिकारी निवडण्याचा आणि तटबंदी राखण्याचा हक्क मान्य केला. नाव सम्राटाचं, कारभार शहराचा.

सम्राट टळला तसे घरातले वाद वर आले. मातब्बर घराणी शहरातच दगडी मनोरे बांधून राहत आणि शेजाऱ्याशी लढत. सान जिमिन्यानो या छोट्या गावात असे चौदा मनोरे अजून उभे आहेत, आणि बोलोन्यातला आसिनेल्ली मनोरा तर सुमारे ९७ मीटर उंच आहे. कुणीही कुणावर विश्वास ठेवेना, तेव्हा शहरांनी एक अफलातून तोड काढली: कारभारी बाहेरगावाहून भाड्याने आणायचा. पोदेस्ता नावाचा हा अधिकारी सहा महिने किंवा वर्षभरासाठी येई. येताना आपले न्यायाधीश, कारकून आणि शिपाई सोबत आणी. गावातल्या कुणाच्या घरी जेवायला जायचं नाही, कुणाशी सोयरीक करायची नाही, अशा अटी त्याच्यावर असत. मुदत संपली की लगेच सुटकाही नाही. त्याच्या कारभाराची चौकशी होई, लोकांच्या तक्रारी ऐकल्या जात, आणि मगच त्याला हिशेब चुकता करून वेशीबाहेर पडता येई.

या सगळ्यामागे पैसा होता, आणि पैशाची गोष्ट मोठी मजेदार आहे. फ्लोरेन्सने १२५२ मध्ये साडेतीन ग्रॅम शुद्ध सोन्याचं फ्लोरिन पाडलं. व्हेनिसने १२८४ मध्ये त्याच तोलाचं डुकाट काढलं. डुकाटाच्या एका बाजूला संत मार्क आपल्यापुढे गुडघे टेकलेल्या डोजच्या हाती निशाण देतो आहे, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या कोंदणात ख्रिस्त. राज्य बुडेपर्यंत पाचशे वर्षं या नाण्याचा तोल, कस आणि चित्र जवळपास तसंच राहिलं. त्यामुळे भाषा न कळणाऱ्या सराफालाही त्याची खात्री वाटे. मसाल्याच्या मोबदल्यात ही नाणी इजिप्तमार्गे हिंदुस्थानात येत राहिली, इथे त्यांच्या नकलाही निघाल्या. दख्खनेत त्यांना पुतळी म्हणत, आणि आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ याच नाण्यांशी जोडलं जातं. आजीच्या गळ्यातल्या दागिन्यात व्हेनिसचा डोज गुडघे टेकून बसलेला असणं हे तेव्हाच्या व्यापाराचं चालतंबोलतं प्रमाणपत्रच.

देवाणघेवाण उलट्या दिशेनेही झाली होती. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे आपण ज्याला फिबोनाची म्हणून ओळखतो त्याने, १२०२ मध्ये हिंदू अंकांनी हिशेब कसा करायचा याचं पुस्तक लिहिलं. हे अंक तो उत्तर आफ्रिकेत, बापाच्या नोकरीच्या गावी, शिकला होता. फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने मात्र १२९९ मध्ये वह्यांत हे अंक लिहायला बंदी केली. रोमन आकडे आणि अक्षरीच लिहा, असा नियम. बंदी फार टिकली नाही. जोव्हान्नी व्हिल्लानी हा व्यापारी-बखरकार १३३८ च्या सुमाराच्या फ्लोरेन्सचं जे वर्णन करतो त्यात ८ ते १० हजार मुलंमुली वाचायला शिकत आहेत आणि सहा शाळांत हजारावर मुलं व्यापारी गणित गिरवत आहेत. लोकरीच्या कापडाचे २०० हून जास्त कारखाने, वर्षाला ७० ते ८० हजार ठाणं, त्यावर पोट भरणारी ३० हजार माणसं. व्हिल्लानीला आकड्यांचा सोस होता आणि काही आकडे त्याने फुगवलेही असतील. पण गावाचं वर्णन करताना राजाची वंशावळ सोडून कापडाची ठाणं मोजावीशी वाटणं, हेच त्या गावाबद्दल पुष्कळ सांगून जातं.

हा कारभार जवळून पाहायचा तर फ्लोरेन्सशेजारच्या प्रातो गावच्या फ्रान्चेस्को दातिनीकडे जावं. अनाथ पोरगा, तेव्हा पोपचा मुक्काम असलेल्या आव्हिन्योंमध्ये शस्त्रं, कापड, चित्रं विकून श्रीमंत झाला. हा माणूस एकही कागद टाकत नसे आणि नोकरांनाही टाकू देत नसे. तो १४१० मध्ये वारला तेव्हा सुमारे दीड लाख पत्रं आणि शेकडो हिशेबवह्या मागे राहिल्या, आणि त्या आजही प्रातोमध्ये आहेत. वहीच्या माथ्यावर तो देवाचं आणि नफ्याचं नाव एकाच दमात घेई. कुठल्या गलबतावर लोकरीचे किती गठ्ठे चढले, कुठल्या शहरात साथ आली, कुणाचा शब्द खात्रीचा नाही, हे सगळं त्यात आहे. बायको मार्गेरीताची खरमरीत पत्रंसुद्धा. प्लेगच्या साथींना आयुष्यभर घाबरलेल्या या माणसाला मूल-बाळ झालं ते दासीपासून. शेवटी त्याने बहुतेक सगळी दौलत गावच्या गरिबांसाठी ठेवली.

चर्चला व्याज मंजूर नव्हतं. म्हणून पेढीवाल्यांनी आपल्याकडच्या हुंडीसारखी चिठ्ठी वापरली. फ्लोरेन्समध्ये फ्लोरिन घ्यायचे आणि लंडनमध्ये काही महिन्यांनी तिथल्या चलनात फेडायचे. व्याज चलनाच्या दरात गुपचूप मिसळलेलं. या युक्तीवर बार्दी आणि पेरुझ्झी या पेढ्या एवढ्या फुगल्या की इंग्लंडचा तिसरा एडवर्ड लढायला निघाला तोही त्यांच्या पैशावर. त्याने कर्ज फेडलं नाही, आणि इतर कारणंही जमून आली. १३४३ ते १३४६ या काळात दोन्ही पेढ्या बुडाल्या. दोन वर्षांत १३४८ चा प्लेग आला. व्हिल्लानी त्यातच गेला. सिएना शहराने १३३९ मध्ये आपलं कॅथीड्रल एवढं वाढवायला घेतलं होतं की जुनं कॅथीड्रल नव्याची नुसती आडवी बाजू ठरणार होतं. साथीनंतर काम थांबलं ते थांबलंच. त्या न झालेल्या कॅथीड्रलची एक उंच दर्शनी भिंत तिथे आजही उभी आहे, आणि प्रवासी तिच्यावर चढून गावाचे फोटो काढतात.

आता प्रश्न असा, की हे शहर नक्की कुणाचं होतं? फ्लोरेन्समध्ये सरकार नऊ जणांचं असे आणि ते दोन-दोन महिन्यांनी बदले. पात्र माणसांची नावं चामड्याच्या पिशव्यांत ठेवलेली असत, त्यातून चिठ्ठी निघे. हजारो नागरिकांना आयुष्यात कधी ना कधी सत्तेच्या खुर्चीवर बसायची आशा असे. पण पिशवीत नाव पडायचं तर व्यवसायसंघात नाव हवं, कर भरलेला हवा. लोकर पिंजणारे, धुणारे, विंचरणारे हजारो मजूर कुठल्याच संघात नव्हते, आणि त्यांना संघ काढायची मनाई होती. जुलै १३७८ मध्ये या मजुरांनी, म्हणजे चोम्पींनी, सरकारी वाडा ताब्यात घेतला. मिकेले दि लान्दो हा लोकर पिंजणारा राज्याचा प्रमुख झाला. तीन नवे संघ निघाले. मजुरांचा संघ काही आठवड्यांतच मोडला गेला, आणि तोही मिकेलेच्याच हातून. उरलेले दोन १३८२ मध्ये गेले. मेदिची या पेढीवाल्या घराण्याने पुढच्या शतकात हीच पिशव्यांची रीत न मोडता शहर खिशात घातलं. कोसिमो मेदिची १४३४ मध्ये हद्दपारीतून परतला आणि त्याने एवढंच पाहिलं, की पिशवीत नावं घालणारे लोक आपले असावेत. घटना जशीच्या तशी, चिठ्ठ्या पहिल्यासारख्याच निघत. फक्त निघणारी नावं ओळखीची असत.

मजुरांचं हे, तर जिंकलेल्या शहरांचं काय? १४०६ मध्ये फ्लोरेन्सने उपाशी मारून पिसा घेतलं. पिसा हे एकेकाळी भूमध्य समुद्रात दरारा असलेलं बंदर, फिबोनाचीचं गाव. पिसाच्या माणसाला फ्लोरेन्सच्या पिशवीत कधीच जागा मिळाली नाही. मिळाले ते कर, किल्लेदार आणि अडवलेला व्यापार. व्हेनिसने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेरोना, पादुआ, व्हिचेन्झा घेतली. तिथला कारभार तुलनेने सौम्य होता. पण १२९७ पासून महामंडळाची दारं नव्या घराण्यांना जवळजवळ बंद झाली होती, आणि व्हेरोनाच्या थोरामोठ्या उमरावालाही त्या सभेत बसता येत नसे. गंमत म्हणजे या काळातले विद्वान प्राचीन रोमचा इतिहास अक्षरशः पाठ करत होते. रोम मोठं झालं त्याचं एक कारण म्हणजे हरवलेल्यांना हळूहळू आपल्यात घेण्याची त्याची सवय, हे फ्लोरेन्सच्या माकिआवेल्ली या मुत्सद्दी-लेखकाने पुढे स्पष्ट लिहिलं. पण रोमचे खांब, कमानी, लॅटिनची वळणं उचलणाऱ्या शहरांनी तेवढी एक गोष्ट उचलली नाही.

लढायला माणसं लागत, तीही भाड्याने. कापड विकणारा माणूस दुकान टाकून महिनोन्महिने छावणीत बसणार नाही, आणि ज्यांना राज्यात वाटा नाही त्यांच्या हाती भाला द्यायची भीती. मग करार करून फौजबंद सरदार आणले जात. त्यांना कोन्दोत्तिएरे म्हणत. जॉन हॉकवूड नावाचा इंग्रज असाच आयुष्यभर इटलीभर लढला, शेवटी फ्लोरेन्सच्या चाकरीत वारला. पाओलो उच्चेल्लोने कॅथीड्रलच्या भिंतीवर रंगवलेला त्याचा घोडेस्वार १४३६ पासून तिथे आहे. पुतळ्यापेक्षा चित्र स्वस्त. व्हेनिसला कारमान्योला या आपल्या सेनापतीचा संशय आला तेव्हा त्याला सन्मानाने बोलावून घेतलं आणि १४३२ मध्ये तोंडात बोळा कोंबून त्याचं डोकं उडवलं. फ्रान्चेस्को स्फोर्झाने उलट केलं: १४५० मध्ये तो ज्या मिलानसाठी लढत होता त्याचाच ड्यूक होऊन बसला. माकिआवेल्ली या भाडोत्री लढायांची टर उडवतो आणि १४४० च्या आंगिआरीच्या लढाईत घोड्यावरून पडून एकच माणूस मेल्याचं सांगतो. ते साफ खोटं आहे, तिथे शेकडो मेले. माकिआवेल्ली चिडून काही सांगतो तेव्हा ते थोडं जपूनच घ्यावं.

कलेबद्दल इथे फार थांबत नाही, कारण वाचकांना ती बाजू ठाऊक असते. एवढंच सांगायला हवं, की तीही याच चुरशीतून आली. फ्लोरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी १४०१ मध्ये स्पर्धा भरवली ती कापड व्यापाऱ्यांच्या संघाने. कॅथीड्रलच्या घुमटाचा खर्च पाहिला तो लोकरवाल्यांच्या संघाने. ब्रुनेल्लेस्कीने तो घुमट १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून आधाराची लाकडी कमान न उभारता चढवला. शेजारच्या गावाचं नाक खाली व्हावं, ही त्यामागची प्रेरणा भक्तीपेक्षा फार कमी नसावी.

१४५४ च्या लोदीच्या तहानंतर मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, पोप आणि नेपल्स या पाचांनी एकमेकांना तोलून धरलं. एकमेकांच्या दरबारी कायमचे वकील ठेवायची पद्धत याच काळात रुळली. चाळीस वर्षं बऱ्यापैकी सुखाची गेली. मग मिलानच्या लुदोविको स्फोर्झाने नेपल्सशी असलेल्या आपल्या भांडणापायी फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सला इटलीत यायला चिथावलं.

सप्टेंबर १४९४ मध्ये सुमारे २५ हजारांची फ्रेंच फौज आल्प्स उतरली. तिच्यासोबत घोड्यांनी ओढायच्या गाड्यांवर कांस्याच्या तोफा होत्या आणि त्या लोखंडी गोळे टाकत. जुन्या दगडी गोळ्यांच्या अवजड तोफा लावायलाच दिवस जात; या तोफा पोचल्या की काही तासांत तटाला खिंडार पडे. उंच, पातळ, देखणे तट एका मोसमात जुनाट ठरले. त्या धामधुमीची एक खूण लिओनार्दो दा विंचीच्या आयुष्यात सापडते. लुदोविकोच्या बापाचा प्रचंड घोडेस्वार पुतळा तो वर्षानुवर्षं करत होता. मातीचा घोडा तयार झाला होता, ओतायला कांसं जमवलं होतं. १४९४ मध्ये ते कांसं तोफा ओतायला गेलं. पाच वर्षांनी फ्रेंच मिलानमध्ये शिरले तेव्हा त्यांच्या तिरंदाजांनी मातीच्या घोड्यावर नेमबाजीचा सराव केला. ज्याने पाहुण्यांना बोलावलं तो लुदोविको १५०० मध्ये पकडला गेला आणि फ्रान्सच्या कैदेत मेला.

पण तोफांनी सगळं सांगून होत नाही. चार्ल्स जवळ येताच फ्लोरेन्सच्या पिएरो मेदिचीने घाबरून किल्ले सोडून दिले आणि शहराने त्याला हाकलून लावलं. त्याच दिवसांत चार्ल्स पिसात शिरला, आणि पिसाच्या लोकांनी फ्लोरेन्सचं राजचिन्ह असलेला दगडी सिंह उपटून आर्नो नदीत फेकला. ८८ वर्षांच्या राज्याची ही कमाई. पिसा परत मिळवायला फ्लोरेन्सला पंधरा वर्षं लागली. १५०४ मध्ये नदीच पिसापासून वळवून त्यांना तहानेने आणि व्यापाराविना मारायची योजना निघाली. तिच्यामागे माकिआवेल्ली होता, आणि लिओनार्दोचाही सल्ला घेतला होता. कालवे खणले, पाऊस आला, बांध ढासळले, पैसा पाण्यात. पुढे माकिआवेल्लीने भाडोत्री सैन्याऐवजी स्वतःची फौज उभारली तेव्हाही भरती केली ती खेड्यातल्या शेतकऱ्यांची. शहरातल्या नागरिकांना शस्त्रं द्यायची सरकारला धास्ती, आणि ताब्यातल्या शहरांना द्यायची तर त्याहून जास्त. ती उद्या आपल्यावरच उलटतील, हे माकिआवेल्लीला चांगलं माहीत होतं. १५१२ मध्ये प्रातोच्या तटावर स्पॅनिश फौज आली आणि या शेतकऱ्यांनी पळ काढला. त्यांनी मरावं तरी कुणाच्या शहरासाठी?

व्हेनिसची पाळी १५०९ मध्ये आली. पोप, फ्रान्स, सम्राट आणि स्पेन एकत्र आले आणि १४ मे रोजी आन्यादेल्लोला व्हेनिसच्या फौजेचा एका दिवसात धुव्वा उडाला. पुढच्या काही आठवड्यांत व्हेरोना, व्हिचेन्झा, पादुआ यांनी एकामागून एक वेशी उघडल्या. तिथल्या उमरावांना व्हेनिस बुडाल्याचं दुःख नव्हतं. आसपासच्या खेड्यांत मात्र उलट चित्र दिसलं. उमरावांच्या जाचापेक्षा व्हेनिसचा न्याय बरा, असा शेतकऱ्यांचा अनुभव होता आणि ते सान मार्कोच्या नावाने लढायला उभे राहिले. त्या हिवाळ्यात माकिआवेल्ली कामानिमित्त व्हेरोनात होता. पकडलेले शेतकरी मरण पत्करतात पण व्हेनिसशी बेइमान होत नाहीत, हे त्याने आश्चर्याने कळवलं. पादुआ दोन महिन्यांत परत मिळालं, बाकीची शहरंही हळूहळू आली. त्या शेतकऱ्यांना महामंडळात कुणी बसवलं नाही हे वेगळं सांगायला नको.

इथून पुढे फ्लोरेन्सचा शेवट झपाट्याने होतो. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या फौजेने रोम लुटलं. ती संधी साधून फ्लोरेन्सने १५१२ मध्ये परतलेल्या मेदिचींना पुन्हा हाकललं. १५२९ मध्ये सम्राटाने शहराला वेढा घातला. मायकेलअँजेलोने छिन्नी बाजूला ठेवून तटबंदीचे आराखडे केले. दहा महिने शहर तगलं, ऑगस्ट १५३० मध्ये शरण गेलं, आणि १५३२ मध्ये मेदिची रीतसर ड्यूक झाले. १५५५ मध्ये उपासमारीने गांजलेलं सिएना पडलं आणि तेही मेदिचींच्या ताब्यात गेलं. एक मात्र मान्य करावं लागतं: ड्यूकच्या राज्यात फ्लोरेन्सचा माणूस आणि पिसाचा माणूस सारखेच प्रजाजन झाले, आणि पिसाची स्थिती प्रजासत्ताकाच्या काळापेक्षा सुधारली. पिसाला पुन्हा विद्यापीठाचं वैभव आलं, गॅलिलिओ तिथलाच. राज्य गेलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या रंगीत संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो मेदिची घराण्याच्या तिसऱ्या कोसिमोने फ्लोरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराकडून करवून घेतला. १६९८ मध्ये तो गोव्यात उभा राहिला. पेढीवाल्यांचे पणतू आता दानशूर राजे झाले होते.

गोव्याचं नाव निघालं, तर वास्को द गामाचाही विषय उरकून घ्यावा. पोर्तुगीज कालिकतला पोचले आणि इटलीचा व्यापार बसला, असं शाळेपासून आपल्या डोक्यात आहे. १५०१ मध्ये लिस्बनला मसाल्याची जहाजं लागल्याची बातमी व्हेनिसला आली तेव्हा जिरोलामो प्रिउली या पेढीवाल्याने रोजनिशीत शहराच्या सर्वनाशाची भविष्यवाणी करून टाकली होती. प्रत्यक्षात काही दशकांचा फटका बसला, पण सोळाव्या शतकाच्या मध्याला तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला आणि तिथून व्हेनिसला येणारी मिरी पुन्हा भरपूर झाली होती. पोर्तुगीजांना तो रस्ता पुरता बंद करता आलाच नाही. उलट फ्लोरेन्सचे व्यापारी पोर्तुगीजांच्या उद्योगात पहिल्यापासून पैसा घालत होते. फिलिप्पो सास्सेत्ती हा त्यांच्यातला एक, मिरीच्या खरेदीसाठी कोचीन आणि गोव्यात राहिला, इथली झाडं, औषधं, चालीरीती यांवर घरी सविस्तर पत्रं लिहीत राहिला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. जेनोआने तर १५२८ मध्ये आन्द्रेआ दोरिया या आपल्या दर्यासारंगाच्या मागे जाऊन स्पेनचा पदर धरला आणि पुढची शंभर वर्षं अमेरिकेतल्या चांदीवर स्पेनच्या राजाला कर्जं देऊन गडगंज झालं. खरा मार बसला तो सतराव्या शतकात. डच आणि इंग्रज कंपन्यांनी मसाल्याचा ओघ पक्का वळवला. त्यांचं हलकं, स्वस्त कापड भूमध्य समुद्राच्या बाजारांत आलं, तेव्हा व्हेनिसचे संघ जुन्याच प्रतीचं जड आणि महाग कापड विणत राहिले, कारण नियम तसा होता. १६३०-३१ च्या प्लेगने व्हेनिसमधला जवळपास तिसरा माणूस नेला. उमरावांनी गलबतांतला पैसा काढून शेतजमिनीत आणि वाड्यांत घातला.

त्यानंतरही व्हेनिस दीडशे वर्षं टिकलं. नाटकं, ऑपेरा, जुगारघरं आणि मुखवट्यांच्या उत्सवांवर. महामंडळातली घराणी रोडावत गेली. सतराव्या शतकात तुर्कांशी लढायला पैसा कमी पडला तेव्हा एक लाख डुकाट मोजणाऱ्यांना सभासदत्व दिलं, म्हणजे दार किलकिलं केलं तेही तिजोरी रिकामी झाल्यावर.

१७९७ च्या मे महिन्यात नेपोलियनच्या फौजा खाडीच्या काठावर येऊन थांबल्या. १२ तारखेला महामंडळाची अखेरची बैठक भरली. ठरावाला लागणारी ६०० ची गणसंख्याही भरली नव्हती. चर्चा चालू असताना बाहेर बंदुकांचे बार झाले. शहर सोडून जाणाऱ्या दाल्मेशियन शिपायांनी दिलेली ती निरोपाची सलामी होती; सभासदांना वाटलं बंड झालं. पाचशेहून अधिक जणांनी घाईघाईने राज्य विसर्जित करायच्या बाजूने मत दिलं आणि झगे टाकून मागच्या दारांनी वाट धरली. चौकात मात्र गर्दी जमली. कोळी, हमाल, होडीवाले, म्हणजे ज्यांच्यापैकी कुणाचंही नाव पाचशे वर्षांत त्या दालनात पुकारलं गेलं नव्हतं, ते सान मार्कोचा जयघोष करत व्हेनिसचं सिंहाचं निशाण पुन्हा खांबांवर चढवत होते आणि फ्रेंचांच्या समर्थकांची घरं फोडत होते. त्यांना आवरायला रिआल्तो पुलावर तोफा लावून गोळीबार करण्यात आला. चार दिवसांत फ्रेंच शिपाई शहरात उतरले.